सुचिताची पारख

"पैसे ही साधनं विकून येतात, की माणसं जोडून?" सुचितानं विचारलं.

गोकुळचं लॅपटॉपवर फिरणारं बोट थांबलं. "दोन्हीतून येतात, वहिनी."

"दोन्हीचं राहू द्या. तुमाले कशातून आले?"

खोलीत बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गोकुळ सुचिताच्या सासूचा, पुष्पाबाईंचा भाचा. सोनाळ्याहून मुद्दाम चिखलीला आला होता. त्याच्या कंपनीकडं ऑनलाइन मार्केटिंगची साधनं होती. एका दमात शेकडो लोकांना मेसेज धाडायचे, मालाचं पान बनवायचं, नवी गिऱ्हाइकं शोधायची. एकदा पैसे भरायचे, साधनं वापरायची आणि पुढं इतरांना जोडायचं. सुचिताच्या बचत गटाची हळद आणि तिखट मग थेट पुण्यापर्यंत जाईल, असं तो सांगत होता.

गटाकडं पैसे होते. मसाला कांडायच्या मशीनसाठी बायकांनी ते कधीपासून साठवले होते.

"आधी मी वापरून पाहीन," सुचिता म्हणाली. "मंग सांगीन."

"काऊन नाही? खुशाल पाहा." गोकुळनं तिच्याच नंबरावर खातं उघडून दिलं.

गल्लीत कुणाला कुकर घ्यायचा असो की पोरीसाठी स्थळ पाहायचं असो, आधी सुचिताला विचारत. मागं एका व्यापाऱ्यानं पाठवलेली हळद तिनं पाण्यात टाकून पाहिली होती आणि अख्खं पोतं त्याच गाडीनं परत धाडलं होतं. तेव्हापासून पुष्पाबाई येईल त्याला सांगत, "मायी सून अमृतबी हुंगल्याबिगर पिणार नाही!"

सुचितानं साधनं वापरली. मेसेज पुष्कळ गेले. उत्तरं आली ती बहुतेक 'तुम्ही कोण, माझा नंबर कुठून मिळाला' अशी. मागणी एकच आली, खामगावहून, आणि ते गिऱ्हाईक तिचं जुनंच होतं. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर तिनं अनेकदा फोन लावला. तिकडं गाणं वाजत राहिलं.

मग ती बसनं हिवरा आश्रमला गेली. तिथली छाया या कंपनीतून किती कमावते, याचा फोटो गोकुळ सगळ्यांना दाखवत असे. छायानं चहा केला, पापड तळले.

"काय विकतेस, बाई?" सुचितानं विचारलं.

छायानं मान खाली घातली. "विकत काईच नाही, ताई. नणंदेले जोडलं, जावेले जोडलं. माहेरच्यायले जोडलं. आता कोणी राह्यलंच नाही."

परतताना बसच्या खिडकीशी बसून सुचितानं मन पक्कं केलं.

ठरल्या दिवशी गोकुळ पुन्हा आला. बायका आधीच जमल्या होत्या. कोपऱ्यात शिवणकाम करणाऱ्या बिलकिसभाभी होत्या, दारापाशी पंचफुला. सुचितानं एकेक प्रश्न काढला. पैसे परत मिळतात का? कंपनी कुठं आहे? माणसं जोडणं बंद झालं तर काय मिळतं? गोकुळ गोड बोलून प्रत्येकाला काहीतरी उत्तर देत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पुष्पाबाईंचा चेहरा मात्र भाच्याच्या अभिमानानं फुलला होता.

तो सासूच्या बहिणीचा मुलगा. चारचौघींत त्याला नाही म्हटलं असतं तर पुष्पाबाईंची मान खाली गेली असती. सुचिता हसून उठली. "चला गोकुळभाऊ, तुमाले बसपावेतो सोडून देते."

चौकात आल्यावर तिनं सांगितलं, "हे आमाले जमणार नाही. बायकांचे कष्टाचे पैसे आहेत. तुम्हीबी यातून निघा. घरात मी काई बोलणार नाही, तुम्हीच काईतरी कारण सांगून बंद करा."

गोकुळनं हात जोडले. "हाव, वहिनी. तुमी म्हणता ते खरं आहे. पाहतो मी बरोबर."

कुणालाही न दुखावता काम झालं होतं. सुचिता हलक्या पावलांनी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला मसाल्याची पोती घेऊन नागपूरच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

तिथं तिनं कुणाला मेसेज धाडला नाही. तिखट तळहातावर घेऊन लोकांना दाखवलं, हळदीचा वास दिला. प्रदर्शन संपायच्या आधीच माल संपला. लोकांनी फोन नंबर मागून घेतले. परतीच्या बसमध्ये तिला वाटत होतं, आता गटाची मशीन आली की झालं.

घरासमोर रांगोळी होती. दारात पुष्पाबाईंनी तिच्यावरून भाकर-तुकडा ओवाळला. आत सगळ्या बायका जमल्या होत्या. पंचफुलानं ओटी भरली, कुणी गळ्यात हार घातला. सुचिताला संकोच वाटला, आणि छाती भरूनही आली.

"अवं, मसालाच तर विकला," ती म्हणाली.

"मसाल्याचं राहू दे," पंचफुला म्हणाली. "तुह्यासारखी बाई आमच्या गल्लीत आहे, हे आमचं नशीब. तू नसती त आमाले कोणीबी फसवलं असतं."

पुष्पाबाईंनी डोळे पुसले. सुचिता समजली. गोकुळनं सांगितलेलं दिसतंय. सासूलाही राग आलेला नाही.

"म्हणजे तुमाले सारं कळलं?"

"कळणार नाही?" बिलकिसभाभींनी पेढा तिच्या तोंडात घातला. "तू त्याले इतकं ठोकून पाह्यलं, वरतून हसत हसत सोडायले गेली, तवाच आमी समजलो, तुले पटलं. तू नागपूरले गेली अन् गोकुळभाऊ आले, तशा मशीनचे सारे पैसे देऊन आमी साऱ्याजणी जुळलो, तुह्याच नावाखाली!"