ब्रेकवरचं कुंकू

पोळीला तूप लावताना जिचा हात आखडतो, त्या बिनणीनं मोटारीच्या ब्रेकला मात्र बोटबोट तूप थापावं, हे सायरबाईंना काही केल्या गिळवेना. सकाळपासून ओसरीवर बसून, गुडघ्यांना एरंडेल चोळत, त्या सुनेचा उद्धार करून राहिल्या होत्या.

तसं घरात साधी चाळणी नवी आली, तरी तुपात कालवलेल्या कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढल्याशिवाय ती वापरायची नाही, ही रीत सायरबाईंचीच. पण मुलानं, मदनलालनं, हैद्राबादहून आणलेले ब्रेकचे पट्टे ही काय सातिया काढायची वस्तू? बिनणीनं, भगवतीदेवीनं, एकूण एक पट्ट्यावर काढला. मदनलालनंही शुभाचं म्हणून वरवर पुसून ते तसेच बसवले. आधी अंगणात फिरवून दाखव, मंग पोरीला बसव, असं सायरबाईंनी बजावलं होतं म्हणून बरं. ब्रेक दाबला तरी मोटार थांबली नाही, सरळ गायीच्या कडब्यात घुसली.

आज आखातीज, अक्षय्य तृतीया. दिवस मावळायच्या आत नातीला, लाडबाईला, घेऊन पिंपळगाव रेणुकाईला पोचायचं होतं. पोरगी चौदाची. तिकडं सगाईसाठी चांदमल वाट बघत होता. दोन बायका मागं टाकलेला, आजोबांच्या वयाला टेकलेला. पण आजोबांनी, गिरधारीलाल सेठजींनी, जबान दिलेली होती, आणि त्या जबानीपुढं घरात कोणी तोंड उघडत नसे. सायरबाईसुद्धा.

चांदमलच्या जोशानं सांगितलं होतं, आजचा दिवस टळला तर पुढं दोन वर्षं योग नाही. जोशाला विचारल्याशिवाय चांदमल शिंकतही नसे. ही गोष्ट सायरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या आणि सारख्या उन्हाकडं बघत होत्या. मस्तगडातला मिस्त्री वऱ्हाडासोबत गेल्ता. गावातली दुसरी मोटार मोकळी नव्हती. सरकारी बसनं सोयऱ्याच्या दारी उतरणं सेठजींच्या इज्जतीत बसत नव्हतं.

मदनलालनं पुन्हा जॅक लावला. चाकं उतरवली, लाकडी ठोकळ्यानं ठोकून ड्रम सैल केले, पकडीनं स्प्रिंगा ओढून पट्टे बाहेर काढले. पेट्रोलच्या बोळ्यानं तूप पुसलं. मग पालिश कागदानं पट्टे घासून खरबरीत केले.

"आता हे बिलकुल कोरडे पाहिजेत, मां," तो म्हणाला. "थेंबभर ओशट लागलं तरी ब्रेक धरणार न्हाई."

ओसरीच्या कडेला उन्हात पट्टे मांडून तो जेवायला गेला. भगवतीदेवी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तिला सायरबाईंनी तिथूनच परतवलं. या बाजूला फिरकायचंही नाही म्हणाल्या. मग एरंडेलाची वाटी जवळ ओढून त्या स्वतः राखणीला बसल्या. जेवायलाही उठल्या नाहीत. सेठजी येऊन बघून गेले, त्यांनाही सांगितलं की आज हे काम त्या दुसऱ्या कोणाच्या भरवशावर सोडणार नाहीत. सेठजींना बरं वाटलं.

मदनलाल परत आला तेव्हा एकेक पट्टा पदरानं पुसून त्यांनीच त्याच्या हाती दिला.

ऊन कलताना चाकं चढली. लाडबाई गोटा लावलेली ओढणी घेऊन दारात उभी होती, आईचं बोट धरून, लहानपणी धरायची तसं. सायरबाईंनी पुन्हा हट्ट धरला, आधी अंगणात. मदनलालनं मोटार सुरू केली, वळवली, ब्रेक दाबला.

गाय दावं तोडून पळाली. मोटार पुन्हा कडब्यात.

सकाळचं तूपच आत मुरलंय, मदनलाल कपाळ पुसत म्हणाला. सेठजींनी उन्हाकडं बघितलं, पगडी उतरवली आणि आत जाऊन आडवे झाले. सायरबाईंनी मात्र शेजारपाजार गोळा होईल इतक्या मोठ्यानं सुनेला फैलावर घेतलं. बिनणीनं आज घराण्याचं नाक कापलं, आणि आपण हे मरेपर्यंत विसरणार नाही, असंही ऐकवलं.

मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटलं. भगवतीदेवी खाली मान घालून पोळ्या लाटत होती.

"अक्कल कमी तुझी, बिनणी," सायरबाई हळूच म्हणाल्या. "तुपाला वास येतो, कुंकू दिसतं. दुपारी मी एरंडेल लावलं, कळलं का कोणाला?"