तांदळात लिहिलेलं नाव

नात ओवी कॉलेजचा प्रोजेक्ट वाचून दाखवत होती. अडीचशे वर्षांपूर्वी हॉलंडात एक बाई माणसांचे चेहरे हुबेहूब रंगवायची. लग्नानंतर चित्राखालचं नाव बदललं आणि आधीची चित्रं कुणाची, तेच लोक विसरले.

"सासू एक नंबरची खाष्ट असणार!" मी म्हटलं.

"आजी, आईचं नाव लग्नात तूच बदललंस ना?"

"मग? हेमा किती शोभतं तिला! तीही चित्रं काढायची हो. खडकीला तिच्या माहेरी अजून आहेत भिंतीवर. खाली जुनं नाव आहे. काय बरं ते... हां, पूर्णिमा!"

 

बावीस वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरातून सून चटकन म्हणाली, "ओ!"