वाटीभर खडे

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये नव्या धर्मेंद्र साहेबांनी डाळ निवडणाऱ्या बायांपुढे एकेक वाटी ठेवली. "किती तास बसलात ते मला सांगू नका, निकाल दाखवा. वेचलेले खडे वाटीत टाका. शनिवारी जिची वाटी रिकामी, तिनं सोमवारपासून येऊ नये."

गुंताबाईला हसू आवरेना. दिवाळीपासून खडे काढायला मशीन आलं होतं. बायांच्या हाताला लागायची ती टरफलं आणि काळे दाणे. बुधवारपर्यंत सगळ्या वाट्या रिकाम्याच. शेजारी बसणारी साबेरा तर निवडलेलीच डाळ पुन्हा पुन्हा निवडत होती, कारण तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

गुरुवारी मात्र गुंताबाईची वाटी शिगोशीग भरली. साहेबांनी वाटीचा फोटो काढून मालकांना पाठवला आणि बायांना म्हणाले, "बघा, काय मिळवायचं ते नक्की असलं की नजर आपोआप तयार होते."

जेवणाच्या सुट्टीत साबेरानं हळूच विचारलं, "अक्का, एवढे खडे तुम्हालाच कसे सापडतात?"

 

"आमना गल्लीमा घरनं बांधकाम चालू शे," गुंताबाई म्हणाली. "तुना डबा दे, उद्या तुलेबी भरी आणसू."