शेवटचा आ

पन्हाळ्याची सहल दानम्मानं कुठंही न अडखळता सांगितली. रशियन क्रियापदांचे शेवट जिथल्या तिथं पडले. उचगावच्या शाळेत दिवसभर शिकवून संध्याकाळी ती कोल्हापुरात रशियनच्या वर्गाला येत होती. आजची तोंडी परीक्षा चांगली झाली, तर मॉस्कोला शिकायला जाणाऱ्यांत तिचं नाव लागणार होतं. साल शहात्तर, एप्रिलची दुपार, आणि खोलीतला पंखा नुसताच आवाज करत होता.

"हे पाठ केलेलं आहे," पुण्याहून आलेल्या परीक्षक गद्रे बाई म्हणाल्या. "दुसरा एखादा प्रवास सांगा. मनानं."

दानम्मा जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग रशियनमधून बोलू लागली. नेसरीहून गडहिंग्लजला, बैलगाडीनं. वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं. आई मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाडी हाकायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"या येखल," ती म्हणाली. मी गेलो.

"येखला," बाईंनी दुरुस्त केलं.

"व्हय. येखला."

पण पुढच्याच वाक्याला ती पुन्हा घसरली. मी गप्प राहिलो. मी मागं वळलो नाही. मी रडलो नाही.

गद्रे बाईंनी पेन खाली ठेवलं. "दानम्मा, लेखी पेपरात तुमची यात एकही चूक नव्हती. बोलताना काय होतं?"

"आमच्याकडं असंच म्हणतात, मॅडम. मी गेलो, मी आलो. बायकाबी. आमची अव्वा, म्हंजे आई, तसंच बोलती. मनापासनं सांगाय लागलं की तेच येतं तोंडात."

"रशियनमध्ये ते चालायचं नाही. भूतकाळात पुरुष बोलत असेल तर क्रियापदाला पुढं काही जोडावं लागत नाही. आहे तसंच पुरतं. बाई बोलत असेल तर शेवटी आ लावावा लागतो, ती तिची खूण. ती नसली की ऐकणारा पुरुषच समजतो." बाई जरा थांबल्या. "मला आत्ता गाडीवर एक मुलगा दिसत होता."

दानम्मानं आपल्या तळहातांकडं बघितलं. वडील त्या वाटेवरच गेले होते. नंतर औतामागं तीच उभी राहिली, शेताच्या पाण्याची पाळीही तिनंच धरली. गावानं त्यात काही वेगळं बघितलं नाही. तिनंही नाही.

"पुन्हा सांगा," गद्रे बाई म्हणाल्या. "सावकाश."

तिनं पहिल्यापासून सुरुवात केली.

"या येखला." मी गेले. आ या वेळी स्वच्छ आला. चढाला बैल थांबत होते. खाली उतरून त्यांना ओढावं लागत होतं. हात कासऱ्यानं सोलले होते.

"या मल्चाला." मी गप्प राहिले. मागं अव्वानं हंबरडा फोडला तेव्हाही. पुढं बघ, एवढंच अव्वा म्हणाली होती, आणि ती पुढं बघत राहिली.

आता चूक होत नव्हती. प्रत्येक शब्दाच्या शेवटाशी ती थांबत होती आणि मग पुढचा शब्द घेत होती. आवाज मात्र बारीक होत चालला होता.

"या न्ये प्लाकला." मी रडले नाही.

तिथं ती थांबली ती थांबलीच. गद्रे बाईंनी वाट बघितली. बाहेर व्हरांड्यात पुढचा परीक्षार्थी आपली सहल घोकत होता.

"बरोबर आहे," बाई हलकेच म्हणाल्या. "सगळे शेवट बरोबर आले. पुढं सांगितलं नाही तरी चालेल. गुण पडलेत तुम्हाला."

दानम्मानं मान हलवली. पदर डोळ्यांशी गेला होता. तो कधी गेला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"गुणांचं न्हाय, मॅडम," ती मराठीत म्हणाली. मग पदर खाली घेत ती पुढं बोलली.

"केवढीशी पोरगी हुती हो ती."