शटरमागचे पाणी

हवेचा शेवटचा पंपही थांबला आणि शोभेच्या माशांच्या त्या दुकानात बाहेरच्या घोषणा एकदम मोठ्या झाल्या. इतका वेळ बुडबुड्यांच्या आवाजाने त्या झाकून ठेवल्या होत्या.

“इन्व्हर्टर संपला,” दुकानदाराची बायको म्हणाली.

मोर्चा याच रस्त्याने जाणार हे कळल्यापासून दुकानदाराच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. हजारो हातांतला एक हात दगडाकडे वळला, तरी भिंतभर रचलेल्या टाक्यांचा चुरा होणार होता. त्याने दर्शनी काचेवर फळ्या ठोकून घेतल्या, टाक्यांवर जुन्या रजया टाकल्या, शटरला आतून कुलूप लावले. आग लागू नये म्हणून रस्त्याची वीजच बंद ठेवावी, असा व्यापाऱ्यांच्या बैठकीत आग्रह धरणाराही तोच होता. मोर्चा तासाभरात पुढे जाईल, तेवढा वेळ इन्व्हर्टर पुरेल, असा त्याचा अंदाज होता. पण चौकात पोलिसांनी वाट अडवली आणि मोर्चाने दुकानासमोरच बैठक मारली.

बायकोने भराभर रजया ओढल्या. मासे वर येऊन, तोंडे उघडून धापा टाकत होते. दोघेही बाह्या सरसावून हातांनी पाणी ढवळू लागले. तेवढीच हवा मिसळते. एका टाकीतले मासे जरा सावरत, तोवर पलीकडे एखादा उताणा होई. दुकानदाराने अंड्यांपासून वाढवलेली सोनेरी जोडी कोपऱ्यात कलंडू लागली होती.

“शटर उघडा.”

“डोकं फिरलंय का तुझं? बाहेर किती माणसं आहेत!”

“तेच म्हणतेय मी. दोन हात तुमचे, दोन माझे. कुठे कुठे पुरणार?”

तो जागचा हलला नाही. तिने ओल्या हाताने त्याच्या खिशातून किल्ली काढली.

शटर कमरेइतके वर गेले. समोर झेंडा मांडीवर घेऊन बसलेल्या धिप्पाड बाईने वाकून आत पाहिले.

“काय हो, काय लपवलंय एवढं?”

“मासे. वीज नाही, गुदमरताहेत.”

“खायचे?”

“बघायचे.”

बाईने झेंडा शेजारणीच्या हातात कोंबला. “ए, उठा रे! घसे बसलेत, आता हात चालवा.”

माणसे वाकून वाकून आत आली. दुकानदार भिंतीला चिकटला. “हळू… घाबरतात ते,” तो पुटपुटला. मग टाकी-टाकीपाशी जाऊन पाणी कसे ढवळायचे ते मोठ्याने सांगू लागला.

“श्वास घे बाबा,” एक म्हातारा सोनेरी जोडीला समजावत होता, “मागण्या आमच्या आहेत, तू कशाला जीव देतोस?”

बऱ्याच वेळाने बाहेर शिट्टी वाजली. रस्ता मोकळा झाला होता. कर्ण्यातून पुढारी ओरडला, “चला, उठा! मोर्चा निघाला!”

वीज अजून आली नव्हती. दुकानदाराने धास्तावून टाक्यांकडे पाहिले.

एकही हात पाण्याबाहेर आला नाही.