तपासणीचं पाणी

टाकीत पाणी पडत होतं. रिकामा हंडा कमरेवर घेऊन निघालेली रंभा रस्त्यातच थबकली. गावात नळ बसून दोन पावसाळे झाले होते, पण त्या उंच टाकीत पाणी पडल्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

ती धावत टाकीपाशी गेली. शाळेमागे दोन टँकर उभे होते. त्यांचा जाड पाइप टाकीवर चढवलेला. खाली रोह्याचा ठेकेदार प्रविण मोबाइलवर बोलत होता आणि त्याच्या शेजारी सरपंच काळुराम, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात.

"काळूदादा, ह्ये काय?"

"तपासणी हाय गो आज. जिल्ह्यावरनं मॅडम येतायत. त्यांनी शाळेतला नळ सोडला, पाणी बघितलं, का योजना पूर्ण."

"पूर्ण? धरणाची लाईन तर आलीच नाय! पाइप तिकडं रामवाडीला हायवेच्या कडेला पडलेत. त्यांच्यात कुत्री व्यालीत."

"लाईन येईल मागनं," प्रविण म्हणाला. "आधी बिल निघू दे. आणि सगळ्यांना सांगून ठेवा, मॅडम जाईपर्यंत घरचा नळ कोणी उघडायचा नाही."

"आनि उन्हाळ्यातला आमचा टँकर?"

प्रविणने तोंड फिरवलं. काळुराम चपलेने माती उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "पाणी आलेल्या गावाला टँकर नाय मिळत, रंभा."

रंभाने वर टाकीकडे पाहिलं. पाइप आले, नळ आले, टाकीला निळा रंग आला, उद्‍घाटनाला मांडव आला. एवढा पैसा ओतला आणि पाण्याचीच कोणाला आठवण नाही. वर आता खाडीच्या खाऱ्या पाण्याकडे बघत वैशाख काढायचा.

ती वळली आणि आळीत शिरली.

"गिरजाकाकी, नळ सोड! दिशा, नळ सोड! टाकीत पाणी हाय, सगळं भरून घ्या! मॅडम यायच्या आत टाकी खाली झाली पायजे!"

गिरजाबाईंनी तोटी फिरवली. नळाने आधी फुसफुस हवा सोडली, मग लाल गढूळ पिचकारी मारली आणि एकदम पांढरीशुभ्र धार बाहेर आली. म्हातारी लहान पोरीसारखी किंचाळली आणि धारेखाली डोकं धरून बसली. "गोड हाय गो! गोड हाय!"

सरपंचांची बायको मालू दारात उभी होती. "ह्यांनी नको सांगितलंय," ती म्हणाली.

"वैनी, वैशाखात हंडा ह्यांच्या डोक्यावर असतो का तुमच्या?"

मालूने पदर कमरेला खोचला.

मग आळी नुसती पेटली. हंडे भरले, कळशा भरल्या, पिंपं, टोप, घमेली भरली. मंडळाची जेवणावळीची पातेली बाहेर आली. मासे ठेवायच्या पेट्या धुवून भरल्या. तरी धार चालूच. तेव्हा शेजारच्या दिनानाथने अंगणात डागडुजीला आणलेली होडी सरळ केली आणि नळाची नळी तिच्यात सोडली. जन्मभर पाण्यावर तरंगलेली होडी पोटात पाणी घेऊन दारात बसली. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. काळुराम एका घरातला नळ बंद करून पुढे जाई, तोवर मागे तो पुन्हा सुटे.

"गाडी आली!" बांधावरून कोणीतरी ओरडलं.

"अजून येतंय पाणी!" दिशा घाबरून म्हणाली.

"येऊ दे. भरायचं थांबू नका," रंभा म्हणाली आणि शाळेकडे पळाली.

शाळेच्या नळाला झेंडूचा हार घातला होता. मॅडमनी तोटी फिरवली. करंगळीएवढी धार पडली. प्रविणने टाळ्या वाजवल्या. घरचे नळ तसेच वाहते ठेवून ओल्या साड्यांनिशी सगळ्या बायका मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

धार बारीक झाली. नळ खाकरला. दोन थेंब पडले आणि मग काहीच नाही.

"पाणी कुठे गेलं?" मॅडमनी विचारलं.

"लोकांनी सांडलं, मॅडम," प्रविण घाईने म्हणाला. "सकाळीच तर टाकी भरली होती!"

"कशाने भरली?"

प्रविण मोबाइल चाचपायला लागला. रंभा तोंड उघडणार तोच मॅडम काळुरामकडे वळल्या. "सरपंच, तुम्ही सांगा."

काळुरामने प्रविणकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. तिथे मालू उभी होती, नखशिखान्त भिजलेली, डोक्यावर भरलेला हंडा तसाच. ती त्याच्याकडे बघत होती, पापणी न लववता.

"टँकरनी, मॅडम," तो म्हणाला. "लाईन आली नाय अजून."

मॅडमनी पेन काढलं. "मग मी पाणी आलेलं नाही असं लिहिते. चालेल ना?"

"चालंल!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

गाडी बांधाआड गेली तशी कोणीतरी टोप वाजवायला लागलं. पाठोपाठ थाळ्या वाजल्या. गिरजाबाईंनी फेर धरला. नळाच्या हारातली फुलं ओरबाडून दिशाने रंभाच्या अंगावर उधळली. तेवढ्यात पेणहून एसटी आली आणि रस्ता अडला म्हणून थांबली. खिडकीतून एका पाहुण्या बाईने मान बाहेर काढली.

"काय गो, निवडणूक जिंकलात का?"

"नाय वो!" रंभा नाचता नाचता ओरडली. "पाणी नाय आमच्या गावात! सरकारनी लिवून दिलं!"