अमीरपद मागणारा

ड्रोनची घरघर डोंगरापलीकडे गेली, तसे खोलीतले सगळे पुन्हा बोलायला लागले. वर्षभरात संघटनेचे तीन अमीर, म्हणजे प्रमुख, ड्रोनने टिपले होते. आता चौथा नेमायचा होता आणि सगळ्या म्हाताऱ्या कमांडरांच्या नजरा सखीदादकडे वळत होत्या.

सखीदादला आता लढाईच नको होती. गुडघे गेले होते. गावी जाऊन मुलीच्या अंगणात उन्हाला बसावं आणि तिथेच मरावं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण नाही म्हणावं तर भित्रा ठरणार. मग त्याला जुना रिवाज आठवला. जो स्वतःहून अमीरपद मागतो, त्याला ते कधीच द्यायचं नाही.

तो घसा खाकरून म्हणाला, "मला व्हायचंय अमीर. माझ्याइतका लायक इथे दुसरा आहे कोण?"

रिवाजाच्या बाबतीत मौलवी जरवली सगळ्यांत कडक. आता हा झापणार, म्हणून सखीदाद मान खाली घालून वाट बघत बसला.

मौलवीने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "कबूल!"

"अहो मौलवीसाहेब, पण मी मागितलं ना! स्वतःच्या तोंडाने मागितलं!"

"ऐकलं मी. अल्लाह माफ करेल. तू नसतास तर माझाच नंबर होता, भाऊ."

बाकीच्यांनीही घाईघाईने हातात हात देऊन निष्ठेची शपथ घेतली. तेवढ्यात बाहेर पुन्हा घरघर ऐकू आली. नव्या अमीराच्या दोन्ही बाजूंची माणसं हळूच लांब सरकली.